नवं वर्ष आणि प्रभूवरची आशा: तुमचे अनुभव लिहा

माजघर
आईचं बायबल बांधणीला द्यायचं म्हणून काल कपाटातून काढलं आणि तिथेच बसून राहिले. दर नव्या वर्षी ती एक वचन धरायची आणि त्याच्याशेजारी पेन्सिलीने साल लिहायची. फक्त साल, बाकी एक शब्द नाही. स्तोत्र 121 जवळ एक, यशया 43 जवळ एक, रोमकरांस पत्रात दोन. बाबा गेले त्याच्या पुढच्या जानेवारीचं साल मात्र काही केल्या सापडेना. शेवटी विलापगीतात सापडलं, तिसऱ्या अध्यायात. पेन्सिल इतकी दाबून धरलेली की आकडे मागच्या पानावर उठलेत.

विलापगीत म्हणजे इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, त्यानंतरचा आक्रोश. त्या सगळ्या राखेत उभा राहून ते लिहिणारा माणूस म्हणतो की प्रभूची करुणा संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते. आणि एवढं म्हणून त्याचं रडणं थांबत नाही, पुढे अजून दोन अध्याय आहेत. आईने नेमकं हेच निवडलं. "सगळं छान होईल" असं तिने आम्हा भावंडांना कधी सांगितलं नाही. म्हणायची, उद्या सकाळचं तो बघेल, तुम्ही झोपा.

सध्या घरी बरंच काही अडलंय, ते इथे लिहीत नाही. वर्ष संपत आलंय. विश्वासामुळे तुम्हाला नव्या वर्षाला सामोरं जायचं बळ कधी, कसं मिळालं ते लिहा ना. मागितलेलं मिळालं नसेल तरी लिहा.

रात्रपाळी
ताई, वाचून गलबललं. ब्रेकमध्ये लिहितेय, चुका पोटात घाला.
आयसीयूत कामाला आहे मी. वॉचनाईट उपासना, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये जागून होते ती, बहुतेक वर्षं हुकते. एका 31 तारखेला बाराच्या सुमारास एका आजींच्या सलाइनच्या पंपाचा अलार्म वाजला म्हणून गेले. बाहेर फटाके. त्यांनी खुणेने विचारलं, बारा वाजले का. मग हात धरून म्हणाल्या, स्तोत्र म्हण. मला 90 वं आठवलं, मोशेची प्रार्थना, आमच्याकडे त्या रात्री तेच वाचतात. आमचे दिवस गणायला शिकव, सकाळीच तुझ्या दयेने आम्हाला तृप्त कर. मास्कमधून हळूहळू म्हणत होते, आणि बघते तर आजींचे ओठ माझ्यापुढे एक शब्द चाललेले. मी अडखळले तिथे त्या थांबल्या, माझी वाट बघितली, मग पुढे.
त्या नंतर वॉर्डात गेल्या. पुढचं मला माहीत नाही. पण त्या रात्री मी मंडळीत, चर्चमध्ये, नव्हते असं मला आजही वाटत नाही. चला, बोलावतायत.

फुलपाखरू
आई गं. रात्रपाळीताई 🙏

काठावरची
यिर्मया 29:11. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते वचन.
दर 1 जानेवारीला फोनवर सतरा ठिकाणांहून येतं, फुलांच्या चित्रावर. एका डिसेंबरात माझं बाळ गेलं, सातव्या महिन्यात. "हिताचे संकल्प" वाचलं आणि फोन पालथा घातला. पाठवणाऱ्यांवर राग नव्हता, सगळ्यांनी मायेनेच पाठवलं होतं.
आमचे पाळक भेटायला आले. समजूत वगैरे काही घातली नाही. बराच वेळ नुसते बसले, मग तोच अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. ते पत्र आहे! बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून पाठवलेलं. त्यात आधी काय लिहिलंय, तर घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात 70 वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी परतीची वाट पाहिलीच नसणार. आणि अकरावं वचन त्यांना सांगितलंय. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो म्हणतो 2 वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. खोटा ठरला तो.
त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे वचन माझ्यासारखीसाठीही आहे. जानेवारीत कामावर रुजू झाले. आनंदाने नाही, घरं बांधा म्हटलंय म्हणून. आनंद फार उशिरा आला, आणि आला तेव्हा मला भीतीच वाटली त्याची. पण आला.

माजघर
काठावरची, काय लिहू. जवळ असतीस तर येऊन नुसती बसले असते. तू आता कशी आहेस?

काठावरची
बरी आहे गं ताई, खरंच. आज घरात आवरासावर. तू बायबल बांधणीला देतेयस ना, त्यांना आधीच बजाव की कडा कापू नका. समासातलं लिखाण जातं!

जुना वाचक
आणि सुटलेल्या पानांना सेलोटेप अजिबात नको. काही वर्षांत पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो, मग काढताना अक्षरंही निघतात. पेन्सिलीच्या पानांचे आधी फोटो काढून ठेवा.

आता विषयाचं. वॉचनाईटचा उल्लेख आला म्हणून. ही प्रथा मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीतली, 1733 मध्ये जर्मनीतल्या हर्नहूटला त्यांनी वर्षाअखेर जागून उपासना केली. पुढे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी आपल्या लोकांत जागरणाची उपासना आणली, आणि 1755 पासून कराराची, म्हणजे स्वतःला नव्याने देवाला वाहून देण्याची, उपासनाही, जी आज बऱ्याच ठिकाणी नव्या वर्षी होते. त्यात माणूस म्हणतो, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, मी तुझाच. निवृत्त झालो त्या जानेवारीत हे म्हणताना घसा दाटला. तोवर "बाजूला ठेव" वरून जीभ सहज सरकायची.
31 डिसेंबर 1862 ची रात्र मला नेहमी आठवते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमून जागत होते, कारण दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. प्रत्यक्षात युद्ध 1865 पर्यंत चाललं, घोषणेने सगळे एका दिवसात सुटले नाहीत. तरी ते त्या रात्री गात होते. आशा म्हटलं की मला ही माणसं दिसतात.

फुलपाखरू
काका, किती छान सांगता. एक विचारू का, यंदा पूर्ण बायबल वर्षात वाचायचं ठरवलंय. मैत्रिणी म्हणतात सगळे लेवीय या नियमांच्या पुस्तकापाशी थांबतात. काय करू?

जुना वाचक
बाळा, 1189 अध्याय आहेत, रोज तीन-चार पडतात. पण आधी मार्कचं शुभवर्तमान वाच, 16 च अध्याय. येशू भेटला की लेवीय जड जात नाही.

दोन ओळी
मी कॅथलिक. आमच्याकडे 1 जानेवारी हा देवमाता मरियेचा सण, आणि 1968 पासून जागतिक शांतता दिनही. त्या दिवशी पहिलं वाचन बायबलमधल्या गणना या पुस्तकातलं, सहाव्या अध्यायातलं, अहरोन याजकाचा आशीर्वाद. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो, आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो.
नोकरी गेली होती, घरात दोघी मुली. ते वाचन ऐकत होतो आणि मनात आलं, एवढं तर मी देऊ शकतो. घरी येऊन दोघींच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं. धाकटी हसली, मोठी रडली. काम मिळायला पुढे बराच काळ गेला, ते महिने सोपे नव्हते. पण आता मोठी परगावी आहे आणि दर 1 तारखेला तिचा सकाळीच फोन, पप्पा, म्हणा.

निळी छत्री
पप्पा म्हणा 😭😭 कुकर लावून वाचत होते, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या

वाळवंटातला
थोडं वेगळं लिहितो, चालेल ना. मला काही वर्षं काहीच जाणवत नाही. प्रार्थना करतो, उपासनेला जातो, आत कोरडं. नव्या वर्षाच्या साक्षी ऐकल्या की अजून एकटं वाटायचं. मग कुणीतरी स्तोत्र 88 दाखवलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं. पण पहिल्या वचनापासून बोलणं देवाशीच चाललंय, आणि ते शास्त्रात ठेवलंय, काढून टाकलेलं नाही. मी दर 31 ला तेच वाचतो. माझी आशा सध्या एवढीच, की हे बोलणं ऐकणारा आहे.

जुना वाचक
एवढीच कशी? पुष्कळ आहे ही. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक बॉनहोफर 1944 च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, तुरुंगात होते, तिथून त्यांनी वाग्दत्त वधूला आणि घरच्यांना नव्या वर्षासाठी कविता पाठवली. सुटकेची खात्री तिच्यात नाही. देवाची सोबत रोज आहे, येणाऱ्या प्रत्येक नव्या दिवशी आहे, एवढंच तिचं म्हणणं. 9 एप्रिल 1945 ला त्यांना फाशी झाली. तुम्ही 88 वाचत राहा. ज्या दिवशी वाचणं जमणार नाही त्या दिवशी आम्ही वाचू तुमच्यासाठी.

वाळवंटातला
काका 🙏 हे कुणी म्हटलं नव्हतं मला.

माजघर
सगळं दोनदा वाचून काढलं. अजून लिहा, मी आहे. यंदाचं वचन मी अजून धरलेलं नाही, 88 वाचायला घेते आज.

निळी छत्री
सासूबाईंचं 2 तारखेला ऑपरेशन आहे, गुडघ्याचं नाही, मोठं आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा प्लीज

रात्रपाळी
ठेवणार. वेळ कळली की इथे टाक, मी त्या दिवशी सकाळपाळीला आहे. आणि रिपोर्टची फाईल, गोळ्यांची यादी आदल्या रात्रीच पिशवीत भर, सकाळी गडबडीत राहतं.