शब्दचर्चा : 'ग्राउंडिंग' आणि 'रेग्युलेशन'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
मानसिक आघातावर काम करणाऱ्या थेरपिस्टांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतो आहे. अर्धी पानं थेरपिस्टसाठी, अर्धी थेट क्लायंटच्या हातात द्यायची. 'ग्राउंडिंग' (जुन्या आठवणीत ओढल्या गेलेल्या माणसाने आत्ताच्या क्षणात परत येणं) आणि 'रेग्युलेशन' (भावना उसळली किंवा थिजली तरी तोल राखणं) जवळपास पानोपानी येतात. पहिल्या खर्ड्यात 'भूस्थिरीकरण' आणि 'भावनिक नियमन' लिहिलं, पण ते धरणाच्या अंदाजपत्रकासारखं वाचलं जातंय. शिवाय 'विंडो ऑफ टॉलरन्स', म्हणजे माणसाला ताण पेलता येतो ती मर्यादा, आहेच. सुचवा काही.

प्रतिसाद
'भूस्थिरीकरण' कृपया आजच खोडा. 'जमिनीवर आणणे'सुद्धा नको. मराठीत एखाद्याला जमिनीवर आणलं म्हणजे त्याची घमेंड उतरवली. आधीच स्वतःला बोल लावणाऱ्या माणसाला ते कशाला वाचायला द्यायचं? आपल्याकडे 'भान' आहे. ते सुटतं, हरपतं, परत येतं, ठेवताही येतं. ग्राउंडिंग म्हणजे भानावर येणं.

प्रतिसाद (समुपदेशक)
'भानावर येणे'ला माझं अनुमोदन, पण शीर्षकापुरतंच. 'भानावर या' असा आज्ञार्थ खेकसल्यासारखा ऐकू येतो. सेशनमध्ये मी शब्द बाजूला ठेवून कृतीच सांगते : "डोळे उघडेच राहू द्या. खोलीभर नजर फिरवा. दार कुठे आहे? टाचा जमिनीवर दाबून बघा. आज वार कोणता?" पुस्तिकेतही अशीच छोटी वाक्यं हवीत. जुनं काही अंगावर येत असताना कुणी परिच्छेद वाचत नाही.

आणखी एक. 'शांत होण्याचे उपाय' असं उपशीर्षक देऊ नका. भानावर आलेला माणूस शांत होईलच असं नाही. रडू फुटेल, हात थरथरतील. तो 'तेव्हा'मधून 'आत्ता'त आला, तेवढंच या कृतीचं काम. शांत व्हायचं असं छापलं, की नाही झालो म्हणून आणखी एक अपयश पदरात.

विचारणाकर्ता
हे पटलं. मग ५-४-३-२-१ कसं मांडू? पाच दिसणाऱ्या गोष्टी, चार स्पर्शाच्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या, एक चवीची, असं लिहिलंय.

प्रतिसाद (समुपदेशक)
क्रम बरोबर आहे. फक्त 'पाच वस्तू शोधा'ऐवजी 'दिसतील तेवढ्या सांगा, पाचपर्यंत' असं करा, म्हणजे परीक्षा वाटणार नाही. वासाच्या ओळीपुढे 'नको असेल तर सोडा' हवंच. पुष्कळांची नकोशी आठवण वासालाच चिकटलेली असते.

प्रतिसाद
'रेग्युलेशन'साठी 'सावरणे'. 'आवरणे' नव्हे, आणि हा फरक पुस्तिकेत पाळलाच पाहिजे. रडू आवर, राग आवर, पसारा आवर : आवरण्यात आत कोंबणं आलं, आणि क्लायंटने ते आयुष्यभर ऐकलेलं असतं. सावरतो तो तोल. भावना असतेच, पण तिच्यासकट उभं राहता येतं. शिवाय 'को-रेग्युलेशन' (दुसऱ्याच्या आधाराने तोल राखणं) फुकटात मिळतं : 'सावरून घेणे'. थेरपिस्टचा संथ आवाज, न घाई करता बसणं, हे सावरून घेणंच की.

प्रतिसाद
'सावरून घेणे'त चूक पोटात घालण्याचा अर्थही येतो. क्लायंटची चूक काय? मी 'सोबतीने सावरणे' म्हणेन.

विचारणाकर्ता
'सोबतीने सावरणे' घेतो. आता ती खिडकी.

प्रतिसाद (समुपदेशक)
अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९मध्ये ही कल्पना मांडली. पण 'सहनशीलतेची खिडकी' मराठीत उलटा अर्थ देते. सहनशीलता हा आपल्याकडे सद्गुण, म्हणजे 'अजून सोसा'. त्यापेक्षा 'झेपणे' वापरा : 'झेपेल तेवढा पट्टा'. पट्ट्याच्या वर गेलं की धडधड, धाप, चिडचिड. खाली गेलं की बधिरपणा, थिजणं, समोरच्याचा आवाज लांबून येणं.

दोन्हींना एकच उपाय छापू नका. वरच्यासाठी श्वास, पण 'दीर्घ श्वास घ्या' हे ठरीव वाक्य टाळा. त्यात सगळा जोर घेण्यावर. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून लिहा : 'श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा.' खालच्यासाठी उभं राहणं, भिंत तळव्यांनी ढकलणं, आजूबाजूच्या वस्तूंची नावं मोठ्याने घेणं. थिजलेल्या माणसाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं तर तो आणखी आत जाऊ शकतो. चेहऱ्यावर गार पाणी घेण्याचा उपाय असेल, तर हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही ओळ त्याच पानावर द्या. तळटीप कुणी वाचत नाही.

प्रतिसाद
मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे. "त्रास शून्य ते दहात किती?" याला मला उत्तर सुचायचं नाही. "झेपतंय का, की थांबू या?" याला सुचायचं. आणि 'क्लायंट'च ठेवा. 'अशील' वकिलाचा, 'रुग्ण' मी नव्हतो.

विचारणाकर्ता
शेवटचं, थेरपिस्टच्या पानांतलं. ऐकून ऐकून त्यांच्यावर जो परिणाम होतो, तो 'दुय्यम आघात' का?

प्रतिसाद
'धसका' कसा वाटतो?

प्रतिसाद (समुपदेशक)
धसक्यात भीतीच येते. इथे जगाकडे बघण्याची नजरच बदलते, माणसांवरचा विश्वास उडतो. 'आघाताची झळ' म्हणा. झळ लागायला आगीत असावं लागत नाही, जवळ असणं पुरतं. खाली उपाय साधेच द्या : दोन सेशनच्या मध्ये उठणं, हात धुणं, खिडकीबाहेर लांबवर बघणं, पुढच्या क्लायंटला बोलावण्याआधी स्वतःच्या टाचा टेकवणं. आणि सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या कामाबद्दल नियमित बोलणं, ते मात्र ऐच्छिक म्हणून छापू नका.

विचारणाकर्ता
आणि 'ट्रिगर', म्हणजे जुना आघात एकदम जागा करणारी गोष्ट?

प्रतिसाद
तसाच राहू द्या. 'चाप' लिहिलात तर बंदूक दिसेल.