मदत हवी आहे: फायटर माशाची पिल्लं आर्टेमियावर झेपावतात, पण तोंडात काहीच येत नाही

मंडळी, फायटरची माझी पहिलीच वीण. पिल्लं अंड्यांतून बाहेर येऊन सहा दिवस झाले. बलकाची पिशवी संपली, तीन दिवसांपासून नीट आडवी पोहतायत. काल ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची इवली केशरी पिल्लं) सोडला. ती टक लावून बघतात, अंग वळवून शेपटी आखडतात, झेपावतात आणि तोंड रिकामंच. काहींची पोटं केशरी झालीत, बाकीच्यांची सपाट. डोळ्यांदेखत उपाशी जातील म्हणून जीव थाऱ्यावर नाही. आजारी असतील का? कोरडी पूड देऊ?

प्रतिसाद १
आजारी नाहीत. अंग वळवून झेपावतात म्हणजे नजर शाबूत आहे, भूकही आहे. अडतंय ते तोंडाच्या मापावर. नुकताच फुटलेला आर्टेमिया साधारण 0.4 ते 0.5 मिमी असतो आणि या वयात भक्ष्य अख्खंच गिळावं लागतं. केशरी पोटवाली त्याच विणीतली जरा थोराड, त्यांचा जबडा तेवढा उघडतो. बाकीच्यांना आजच पॅरामिशियम (आर्टेमियाहून बारीक एकपेशीय जीव) द्या.

नेम चुकणंही स्वाभाविक आहे. मासा तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढतो. पण इतक्या चिमुकल्या जिवाला पाणी दाट लागतं, ओढ फार लांब पोचत नाही. अंग वाढलं की हीच झेप साधू लागते. तोवर दिसतंही अगदी जवळचंच, म्हणून खाद्य दाट ठेवा आणि उजेड असू द्या.

पूड नको. ती हलत नाही, म्हणून पिल्लं तिच्यावर झेपावत नाहीत. शिवाय जठर अजून तयार झालेलं नसतं, पचणारही नाही. पाणी मात्र नासेल.

तुमची काळजी रास्त आहे. बलक संपल्यावर पहिला घास मिळेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक, हे नॉर्वेच्या योहान यॉर्टने समुद्री माशांबद्दल 1914 सालीच मांडलं होतं.

धागाकर्ता
खूप धीर आला. पॅरामिशियम सोडलंय. ते बंद कधी करू?

प्रतिसाद १
दिवस मोजू नका, पोटं बघा. काही दिवस दोन्ही चालू ठेवा. टॉर्च धरून पाहिल्यावर सगळ्यांत लहान पिल्लाचं पोटही केशरी दिसलं की पॅरामिशियम थांबवा. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांतच मरतो, तळाशी साचलेला बारीक नळीने रोज काढा.