मदत हवी आहे: मृत्युपत्राचे एकच साक्षीदार हयात, त्यांची साक्ष कशी जपायची?

वडील मार्चमध्ये गेले. सातारा जिल्ह्यात दीड एकर जमीन, त्यांनी स्वतः खरेदीखताने घेतलेली, वडिलोपार्जित नाही. ती मृत्युपत्राने आईच्या नावे केलीय पण मृत्युपत्र रजिस्टर नाही, रेघांच्या कागदावर हाताने लिहिलेलं, आणि आजारपणामुळे शेवटची सही इतकी थरथरलीय की मलाही पहिल्यांदा ओळखू आली नाही, भाऊ नेमकं त्यावरच बोट ठेवतोय. दोन साक्षीदारांपैकी एक वारले, दुसरे काका ८१ वर्षांचे, डोक्याने एकदम शाबूत आणि यायला तयार. जमिनीच्या नोंदीत आईचं नाव लावायला तलाठ्याकडे अर्ज केला, नोटीस निघाली, भावाने १५ दिवसांच्या आत हरकत घेतली, आता मंडळ अधिकाऱ्यांसमोर तारीख आहे. घरात बसून मिटवायचा दोनदा प्रयत्न केला, आई रडत राहिली आणि तो उठून गेला.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही आणि हयात असलेल्या एका साक्षीदाराने कोर्टात सांगितलं तरी चालतं, हे वकिलांकडून कळलंय, त्यामुळे ते परत सांगायला नको. धास्ती काकांच्या वयाची आहे, आईकडे दुसरा आधार नाही. त्यांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे कोर्टात टिकतं का, की आत्ताच दिवाणी दावा लावून त्यांचा जबाब आधी नोंदवून घ्या असा अर्ज द्यावा लागतो? कुणी असं प्रत्यक्ष केलंय का, आणि जबाब व्हायला किती महिने लागले?