टनाला हजार रुपये! गॅससाठी नेपियर गवत लावावं का?

नीरेकाठचा
परवा गावात एकजण येऊन गेला. सुपर नेपियर लावा, बायोगॅस प्रकल्प टनाला १००० रुपयांनी उचलेल, एकरी वर्षाला २०० टन निघतं, म्हणजे दोन लाख! एकदा ठोंबं लावली की चार-पाच वर्षं नांगर घालायला नको. मला पटलंय. ऊस चौदा-सोळा महिने सांभाळायचा, मग तोडीसाठी टोळीच्या विनवण्या, वर ऊस नेणाऱ्या ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे वरचे पैसे. त्यापेक्षा गवत बरं. तीन एकरांपैकी दीड एकर लावणार आहे. बोला.

पावतीबहाद्दर
२०० टन कोणी मोजले? राहुरी विद्यापीठाच्या फुले जयवंत या नेपियर वाणाचं उत्पादन दीडशे-दोनशे टन सांगतात, पण ते हेक्टरी! एकरी म्हणजे ६० ते ८० टन. तुमच्या पाहुण्याने हेक्टरचा आकडा एकराला चिकटवलाय. ८० टन धरले तरी हातात ढोबळ ८०,०००, त्यातून पाणी, खत, कापणी, भरणी. शिवाय ओल्या गवतात ८० टक्के पाणीच असतं. भाडं भरून तुम्ही कालव्याचं पाणी प्रकल्पाला पोचवणार.

टाकीवाला
मी अशाच एका प्रकल्पावर काम करतो, म्हणून दुसरी बाजू. साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) गाळप चालू असतानाच मिळतं, पण टाकीतल्या जिवाणूंना बाराही महिने खायला लागतं. तिथे नेपियर कामाला येतं. हजाराचा दरही उगाच आलेला नाही. एक टन ओलं गवत म्हणजे साधारण २०० किलो कोरडा माल, त्यातून शुद्ध केलेला गॅस अंदाजे ४० किलो. म्हणजे किलोमागे २५ रुपये नुसत्या गवताचे. २०१८ मध्ये केंद्राची 'सतत' (SATAT) ही बायोगॅस योजना आली तेव्हा तेल कंपन्यांचा खरेदीदर किलोला ४६ रुपये होता, पुढे ५४ झाला. वीज, गॅस शुद्ध करणं, दाबून भरणं, बँकेचं व्याज हे सगळं उरलेल्यात.

पावतीबहाद्दर
आभार, माझंच काम केलंत. म्हणजे शेतकऱ्याने दोन हजार मागितले तर किलोमागे ५० रुपये गवतातच गेले आणि प्रकल्पाला कुलूप. तुमची इच्छा असली तरी दर वाढवता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये गोठेवाला बांधावर येऊन किलोला अडीच-तीन रुपये देतो. कोण घालेल प्रकल्पाला?

टाकीवाला
एप्रिल-मे बरोबर. ऑगस्टचं बोला ना! बांधबांध हिरवा असतो, फुकट दिलं तरी कोणी नेत नाही. तेव्हा आम्ही घेतो, वजनकाट्याची पावती देतो. दोन दिवस कापून पडलेलं गवत ढिगात हात घालवणार नाही इतकं गरम होतं, ते गोठ्यावर कोण घेतं?

शेअरचा_कागद
पावती मिळते हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे एका कंपनीने सभासदत्वाचे पैसे घेतले, बेणं दामदुप्पट भावाने गळ्यात मारलं. प्रकल्पाच्या जागी अजून बोर्डच आहे. गवत बारा फूट वाढलं, कांड्या इतक्या निबर झाल्या की म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. पाला हाताला कापतो, कुसं मानेवर बसतात, मजूर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. 'सतत'चं लक्ष्य ५००० प्रकल्पांचं होतं, त्याच्या जवळपासही कोणी पोचलं नाही. प्रकल्प उभा असेल तर लावा, एवढंच.

लिंकनशायरहून
इकडे इंग्लंडात मिस्कॅन्थस नावाचं बहुवर्षायू गवत जाळायला लावतात. फरक एवढाच की ते हिवाळाभर उभं ठेवतात. जागेवरच वाळतं, अन्नद्रव्यं बरीचशी मुळांत उतरतात, मग वर्षातून एकदाच, वसंताच्या तोंडाला कापणी. म्हणजे पाणीही वाहायचं नाही आणि खतही कमी. तरी पहिल्या वर्षी उत्पन्न जवळपास नाहीच, दुसऱ्या वर्षीही कमीच. सरकार लागवडीचा निम्मा खर्च द्यायचं, ती योजना २०१३ मध्ये थांबली. तरी लोक फारसे वळले नाहीत.

पावतीबहाद्दर
ऐका! आणि आपण दर दीड-दोन महिन्यांनी हिरवंगार कापणार, म्हणजे नत्र-पालाश दर खेपेला ट्रॉलीत.

टाकीवाला
म्हणून तर स्लरी, म्हणजे गॅस काढून टाकीत उरलेला खताचा रबडा, परत न्यायची असते. करारात लिहून घ्या: गवत टाकून येणारी ट्रॉली स्लरी भरून परत. बहुतेकजण ते कलम वाचतच नाहीत.

क्षारपड_शिरोळ
आमच्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीत चालेल का?

टाकीवाला
साचलेल्या पाण्यात नेपियर सडतं. पॅरा गवत बघा, पण ते आमच्याकडे अजून कोणी आणलेलं नाही.

नीरेकाठचा
दीड एकराचं रद्द. दहा गुंठे लावतो, घरच्या चार गाईंपुरतं. पाहुण्याला फोन करून विचारलं, प्रकल्प किती किलोमीटरवर? म्हणाला, "जागा बघतोय." स्लरीबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते काय असतं?"