न्यूरोब्लास्टला वेळ कळते कशी? विभाजनं मोजतो की आत घड्याळ आहे?

कोशभ्रम

नमस्कार मंडळी, डेव्हलपमेंटल बायोलॉजीचा सेमिनार द्यायचाय, विषय घेतलाय फळमाशीच्या भ्रूणातली मज्जासंस्था आणि त्यातलं टेम्पोरल पॅटर्निंग, म्हणजे कधी जन्मला त्यावरून न्यूरॉनचा प्रकार ठरणं. आकृती तोंडपाठ आहे. न्यूरोब्लास्ट, म्हणजे न्यूरॉन घडवणारी मूळ पेशी, एक्टोडर्ममधून (भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून) आत उतरतो, दर विभाजनाला एक छोटी पेशी म्हणजे जीएमसी (गँग्लियन मदर सेल) सोडतो, ती जीएमसी एकदाच विभागते आणि तिच्यापासून दोन न्यूरॉन नाहीतर ग्लिया (न्यूरॉनच्या मदतनीस पेशी) होतात, आणि हे सगळं चालू असताना न्यूरोब्लास्टमधे आधी हंचबॅक, मग क्रुपेल, मग पीडीएम, मग कॅस्टर, मग ग्रेनीहेड असे जीन (यांची प्रोटीन इतर जीनना चालू-बंद करतात, त्यांनाच फॅक्टर म्हणतात) ओळीने चालू होतात आणि बंद होतात. लवकर जन्मलेल्या न्यूरॉनवर हंचबॅकचा शिक्का, उशिरा आलेल्यावर कॅस्टरचा. इथपर्यंत ठीक.

माझं घोडं पुढे अडतं. न्यूरोब्लास्ट स्वतःची विभाजनं मोजतो का त्याच्या आत विभाजनाशी संबंध नसलेलं घड्याळ आहे? आणि हंचबॅक क्रुपेलला चालू करतो असं प्रत्येक रिव्ह्यूमधे आहे, मग हंचबॅकच काढून टाकला तर पुढची साखळी ठप्प व्हायला हवी ना, पण म्यूटंटमधे कॅस्टर येतोच म्हणतात. मग आकृतीतल्या त्या हंचबॅक ते क्रुपेल बाणाला अर्थ काय राहिला? तिसरं म्हणजे स्टेनिंगच्या (प्रोटीन रंगवून काढलेल्या) फोटोंमधे एकाच पेशीत हंचबॅक आणि क्रुपेल दोन्ही दिसतात, आकृतीत मात्र चौकोन अगदी कापून ठेवल्यासारखे वेगळे. कुणीतरी नीट समजावा, गाईड विचारणारच आहेत.

जाडभिंग

दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. क्रम टिकणं आणि वेळ पुढे सरकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकृतीतले बाण मुख्यतः क्रमाबद्दल बोलतात.

ख्रिस डो यांच्या लॅबचा २००१ चा पेपर काढून बघ, या सगळ्याचा पाया तोच. त्यात गेन ऑफ फंक्शनमधे (जीन जबरदस्तीने चालू करून) असं दिसतं की प्रत्येक फॅक्टर आपल्या पुढच्याला चालू करू शकतो आणि त्याच्याही पुढच्याला दाबतो. हंचबॅक क्रुपेलला उचलतो पण पीडीएमला थोपवतो, क्रुपेल पीडीएमला उचलतो आणि कॅस्टरला थोपवतो, आणि कॅस्टर उलट फिरून पीडीएमला बंद करतो. म्हणून हंचबॅक जबरदस्तीने चालू ठेवला की गाडी तिथेच उभी राहते आणि लवकरच्या न्यूरॉनचं पीक येतं. एनबी७-१ नावाचा न्यूरोब्लास्ट बघ, तो पहिल्या पाच जीएमसींपासून यू१ ते यू५ हे पाच मोटर न्यूरॉन ओळीने देतो. हंचबॅक सतत चालू ठेवला की यू१ सारखे जादा न्यूरॉन येत राहतात.

पण हंचबॅक काढला तर यू१ आणि यू२ गायब होतात आणि यू३, यू४, यू५ मात्र येतात. क्रुपेल काढला तर यू३ गळतो, पुढचे येतात. म्हणजे एक पायरी वगळली जाते, जिना कोसळत नाही. क्रुपेलला चालू व्हायला हंचबॅक मदत करतो, पण त्याच्यावाचून क्रुपेलचं अडत नाही, भ्रूणात या फॅक्टरांना वर ढकलणारं आणखी काहीतरी आहे. सेमिनारमधे 'अ ने ब ला चालू केलं, ब ने क ला' अशी डॉमिनोची गोष्ट सांगू नकोस, तिथेच पकडतील.

आणि ते म्यूटंट साधे हंचबॅक नल (जीन सगळीकडे पूर्ण निकामी) नव्हते हेही लक्षात ठेव. हंचबॅक आधी गॅप जीन म्हणून (भ्रूणाचे सेगमेंट म्हणजे खंड पाडायचं) काम करतो, तो पूर्ण काढला तर भ्रूणाचे बरेच सेगमेंटच गायब होतात, मज्जासंस्था नीट बघणार कशी. म्हणून सुरुवातीचं काम शाबूत आणि मज्जासंस्थेतलं तेवढं बंद असे खास भ्रूण घेतले होते.

अळीवाला

वरच्याशी सहमत. आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मोजतो की घड्याळ, याचं उत्तर दोन्ही, पण अर्धं अर्धं नाही. फक्त पहिल्या पायरीला विभाजन लागतं.

स्ट्रिंग नावाचा जीन आहे, सीडीसी२५ (विभाजन सुरू करून देणारं प्रोटीन) तयार करतो, तो नसला की पेशी जी२ मधे (विभाजनाच्या आधीच्या टप्प्यात) अडकते, विभागतच नाही. अशा भ्रूणात न्यूरोब्लास्टमधे हंचबॅक चालूच राहतो, बंद होत नाही. हंचबॅकला बंद करतो सेव्हन-अप नावाचा आणखी एक जीन, आणि सेव्हन-अपचा एमआरएनए केंद्रकाबाहेर येऊन प्रोटीन बनायला पेशीविभाजन लागतं असं दिसलंय. म्हणजे विभाजन झालं की दाराची कडी निघते. त्यापुढे क्रुपेलकडून पीडीएमकडे आणि तिथून कॅस्टरकडे जाताना पेशी विभागली काय न विभागली काय, फॅक्टर बदलत राहतात. डो लॅबच्याच २००५ च्या कामात हे आहे. आणि न्यूरोब्लास्ट भ्रूणातून काढून एकटा कल्चरमधे वाढवला तरी क्रम बरोबर चालतो, आजूबाजूच्या पेशींनी 'आता बदल' असं सांगावं लागत नाही.

तापमानाचंही बघून घे. २५ अंशाला भ्रूण साधारण एका दिवसात अळी होऊन बाहेर येतो, १८ अंशाला जवळजवळ दुप्पट वेळ, तरी क्रम तोच. त्यामुळे 'अमुक तासाला कॅस्टर' असं लिहिताना तापमान लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

रात्रपाळी

'घड्याळ' म्हणताय पण त्या घड्याळाचा काटा फिरवतंय कोण ते तुम्ही दोघांनीही सांगितलं नाही 🙂 फॅक्टर एकमेकांना दाबतात एवढ्याने वेग ठरत नाही, तेवढ्याने फक्त मागे जाता येत नाही.

अळीवाला

@रात्रपाळी बरोबर, म्हणूनच मी फक्त कडीबद्दल बोललो. भ्रूणात क्रुपेल ते कॅस्टर हा वेग नेमका कशाने ठरतो ते एका ओळीत बसवता येण्यासारखं नाहीये, आणि ज्याने बसवलंय त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. ऑप्टिक लोबमधे (मेंदूच्या दृष्टीच्या भागात) चित्र जरा वेगळं आहे. तिथे मेडुला या थरातल्या न्यूरोब्लास्टमधे होमोथोरॅक्स, आयलेस, स्लॉपी-पेअर्ड, डायकीट, टेललेस असा क्रम २०१३ मधे दोन गटांनी दाखवला, आणि तिथे आयलेस काढला तर स्लॉपी-पेअर्ड येतच नाही, म्हणजे खरोखर साखळी अडते. होमोथोरॅक्स काढला तर मात्र आयलेस येतोच. एकाच माशीच्या मेंदूत एक जोड सैल आणि शेजारचा जोड घट्ट. नंतर सिंगल-सेल सिक्वेन्सिंग आल्यावर त्या यादीत आणखी बरेच फॅक्टर सापडले, २०२२ पर्यंत दहाच्या वर गेले.

पिपेट

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही म्हणून मी लिहिते, मी हे स्टेनिंग रोज बघते.

हंचबॅक आणि क्रुपेल एकत्र दिसणं चूक नाहीये, ती खरी अवस्था आहे. एनबी७-१ मधे यू१ आणि यू२ दोन्ही हंचबॅकच्या काळात जन्मतात, आणि यू३ वेळेस हंचबॅक गेलेला असतो, क्रुपेल राहतो. यू५ च्या वेळी पीडीएम आणि कॅस्टर एकत्र असतात. चौकोन सोयीसाठी वेगळे काढतात, सेमिनारला एकमेकांवर चढलेले पट्टे काढ.

दुसरी भानगड म्हणजे तू बघतेयस/बघतोयस ते प्रोटीन आहे. जीन बंद झाला तरी प्रोटीन लगेच जात नाही, आणि पोरींना म्हणजे जीएमसी आणि न्यूरॉनना ते वारशाने मिळतं. त्यामुळे अँटीबॉडी लावली की 'कुठे आहे' कळतं, 'आत्ता बनतंय का' ते कळत नाही. ते हवं असेल तर हंचबॅकच्या इंट्रॉनवर (आरएनए बनताच कापून टाकला जाणारा तुकडा) प्रोब लावून फिश (आरएनएला चमकणारा प्रोब चिकटवून बघणं) करायचं, मग जिथे ट्रान्सक्रिप्शन खरंच चालू आहे तिथे केंद्रकात एक किंवा दोन ठिपके दिसतात, बास. गॅल४ वर, म्हणजे जीनसोबत चालू होणाऱ्या स्विचवर, जीएफपी हे चमकणारं प्रोटीन चालवून टायमिंग सांगणाऱ्यांपासून तर लांबच राहा, गॅल४ बनायला वेळ, त्याने जीएफपी बनवायला वेळ आणि मग ते जीएफपी तासन् तास हलत नाही, अर्ध्या तासाचा फरक त्यात कुठल्या कुठे विरघळतो.

बघायला सुंदर असतं ते मात्र. मोठा गोल न्यूरोब्लास्ट डेडपॅनने (न्यूरोब्लास्टची खूण असलेलं प्रोटीन) रंगवलेला, पोटाच्या बाजूला बसलेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला छोट्या पेशींची रांग. सगळ्यात आधी जन्मलेले हंचबॅकवाले न्यूरॉन खोल ढकलले गेलेले, कॅस्टरवाले न्यूरोब्लास्टच्या जवळ. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर एक एक स्लाइस खाली जात राहिलं की जन्मक्रमच उलटा वाचत जातो आपण.

कोशभ्रम

वा, डोक्यात उजेड पडला. पिपेट ताई, पट्टे एकमेकांवर चढवतो. अजून एक, हंचबॅकच लवकरच्या न्यूरॉनचा शिक्का असेल तर उशिरा पुन्हा हंचबॅक चालू केला की न्यूरोब्लास्ट परत 'तरुण' होईल का?

जाडभिंग

थोडा वेळच. एनबी७-१ मधे साधारण पाचव्या विभाजनापर्यंत हंचबॅक पुन्हा दिला तर यू१ सारखे न्यूरॉन मिळतात, त्यानंतर दिला तर न्यूरोब्लास्ट ऐकतच नाही, प्रोटीन असूनही. याला काँपिटन्स विंडो म्हणतात. २०१३ मधे त्याचं एक कारण दिसलं, आणि मला तरी हा सगळ्यातला सर्वात देखणा भाग वाटतो: हंचबॅकचा जीन केंद्रकातली जागा बदलतो, आतून कडेला, न्यूक्लिअर लॅमिनाला (केंद्रकाच्या आतल्या अस्तराला) जाऊन चिकटतो, आणि तिथे तो कायमचा गप्प होतो. डॅन नावाचं प्रोटीन न्यूरोब्लास्टमधे जास्त वेळ टिकवलं तर हे सरकणं लांबतं आणि विंडोही लांबते. लक्षात घे, जीन ट्रान्सक्राइब होणं आधीच थांबलेलं असतं, कडेला जाणं त्याच्यानंतर होतं. म्हणजे बंद होणं वेगळं आणि कुलूप लागणं वेगळं, दोन्हींच्या मधे काही विभाजनं जातात.

आणि हंचबॅक म्हणजे अमुक न्यूरॉन असं नसतं हेही एका स्लाइडवर टाक. अर्ध्या सेगमेंटमधे साधारण ३० न्यूरोब्लास्ट असतात, एनबी७-१ मधे हंचबॅकचा अर्थ यू१, यू२, तर एनबी३-१ मधे तोच हंचबॅक आरपी मोटर न्यूरॉनकडे नेतो. जागा आणि वेळ दोन्ही मिळून न्यूरॉन ठरतो.

अळीवाला

अळीतलं थोडक्यात जोडतो, नाहीतर गाईड 'भ्रूणानंतर काय' विचारतील. बहुतेक न्यूरोब्लास्ट भ्रूणाच्या शेवटी झोपतात, अळी खायला लागली की इन्सुलिनच्या सिग्नलने जागे होतात. मश्रूम बॉडीचे (मेंदूतला स्मरणाचा भाग) दर बाजूचे चार न्यूरोब्लास्ट मात्र झोपतच नाहीत. तिथे ओळीने येणारे फॅक्टर नसून दोन आरएनए-बाइंडिंग प्रोटीनची उलटी पातळी असते, सुरुवातीला इम्प जास्त आणि सिप कमी, पुढे पुढे उलट. त्यावर चिनमो नावाच्या प्रोटीनची पातळी ठरते, चिनमो जास्त तर गॅमा प्रकारचे न्यूरॉन, कमी तर अल्फा-प्राइम बीटा-प्राइम, जवळपास नसला तर अल्फा-बीटा. म्हणजे चालू-बंदच्या ऐवजी उतरण. आणि इथे बाहेरचा हातही आहे, मध्य मेंदूच्या बऱ्याच न्यूरोब्लास्टमधे साधारण ६० तासांच्या अळीत एकडायसोनचा (कात टाकायला लावणारं संप्रेरक) रिसेप्टर येतो आणि लवकरचे फॅक्टर जाऊन उशिराचे यायला तो लागतो. तो रिसेप्टर चालू करायला कोण लागतं, तर पुन्हा सेव्हन-अप.

रात्रपाळी

हां, आता काटा फिरवणारं काहीतरी मिळालं. निदान अळीपुरतं.

पिपेट

@कोशभ्रम उंदराच्या रेटिनातही हंचबॅकचा नातेवाईक इकारोस लवकरच्या पेशींशी आणि कॅस्टरचा नातेवाईक कॅसझ१ उशिराच्या पेशींशी जोडलेला सापडलाय, वेळ उरला तर शेवटच्या स्लाइडवर घे. नाही उरला तर ते सोड, पण इंट्रॉन फिशचा फोटो सोडू नकोस.