बँकेच्या नफ्यावर क्वालिटीचा परिणाम जास्त की इनोव्हेशनचा? प्रोजेक्टसाठी मदत हवीय

ठाणेकर_एमएमएस

नमस्कार मंडळी. एमएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टचा विषय आहे कमर्शियल बँकांच्या परफॉर्मन्सवर क्वालिटी मॅनेजमेंट आणि इनोव्हेशनचा परिणाम. गाईड सरांचं म्हणणं, ग्राहकांकडून 1 ते 5 मार्कांचे फॉर्म भरून घे आणि ते आरओएशी (बँकेच्या एकूण मालमत्तेवर किती टक्के नफा झाला तो आकडा) जोडून दाखव. मला ते पटत नाहीये.

कारण सांगतो. दादरच्या एका ब्रांचमध्ये इंटर्नशिप केली, नोव्हेंबरमध्ये मला हयातीच्या दाखल्याच्या काउंटरला बसवलं होतं. एक आजी आल्या, आयुष्यभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या, मशीन चार वेळा अंगठा घेईना. मागे वीस जणांची लाईन. तिथल्या मॅडमनी ओल्या रुमालाने आजींचं बोट पुसलं, कोरडं केलं, मग दुसरं बोट लावून बघितलं, तेही नाही. शेवटी ड्रॉवरमधून कागदी फॉर्म काढला, आजींना खुर्चीवर बसवून स्वतः भरला आणि सही घेऊन स्टॅम्प मारला. आता यात इनोव्हेशन कुठलं आणि क्वालिटी कुठली? आणि हे आरओएमध्ये दिसणार कसं?

निवृत्त_शाखाधिकारी

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ड्रॉवरमध्येच आहे. मशीन ही नवी सोय, आणि मशीन चाललं नाही तरी खातेदाराचं काम त्याच दिवशी झालंच पाहिजे ही क्वालिटी.

मी 1983 ला फोर्टमधल्या ब्रांचला क्लार्क म्हणून लागलो. तेव्हा पितळी टोकन, जाडजूड लेजर, आणि बॅलन्सिंग जुळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, शेवटची लोकल कितीदा तरी पकडलीय. पुढे कॉम्प्युटर आले, मग कोअर बँकिंग, खातं ब्रांचचं न राहता बँकेचं झालं. हे सगळं फार मोठं काम होतं, मी ते जवळून बघितलंय. पण ज्या ब्रांचमध्ये आधीपासून सह्यांची कार्डं नीट होती, पत्ते अपडेट होते, तिथे मायग्रेशन, म्हणजे लेजरमधली खाती कॉम्प्युटरवर नेणं, आठवड्यात निभावलं, आणि जिथे लेजरमध्येच घोळ होता तिथे तोच घोळ कॉम्प्युटरवर गेला, वर्षभर निस्तरत बसले.

आता आरओएबद्दल. मार्च 2018 मध्ये आपल्या बँकांचा ग्रॉस एनपीए, म्हणजे एकूण कर्जातलं थकलेलं कर्ज, 11 टक्क्यांच्या वर होता, मार्च 2024 पर्यंत तो 3 टक्क्यांच्या खाली आला. याच काळात यूपीआय वाढलं. तू दोन्ही आकडे शेजारी ठेवलेस तर यूपीआयमुळेच नफा वाढला असं दिसेल, जे साफ चूक आहे. 2015 च्या ॲसेट क्वालिटी रिव्ह्यूनंतर, म्हणजे आरबीआयने बँकांची कर्जं तपासल्यावर, लपलेली थकबाकी बाहेर आली, तिच्यासाठी नफ्यातून तरतुदी केल्या, मग बरीच राइट-ऑफ झाली (हिशेबातून काढून टाकली), काही वसूल झाली, नफा मुख्यतः तिथून सुधारला. तो परिणाम वेगळा काढल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

ऐरोली_बॅकऑफिस

काकांशी सहमत. मी रेकोमध्ये आहे, म्हणजे पैसे कुठे अडकले ते शोधायचं काम. लोकांना वाटतं यूपीआयवर बँक कमावते, पण जानेवारी 2020 पासून साध्या यूपीआय पेमेंटवर एमडीआर (दुकानदाराने द्यायचं शुल्क) शून्य आहे, म्हणजे दुकानदाराकडून बँकेला काही मिळत नाही आणि सर्व्हर, माणसं, तक्रारी यांचा खर्च मात्र बँकेचा. मग फायदा कुठे तर खातं टिकतं, चालू खात्यात पैसा खेळता राहतो, कासा (चालू आणि बचत खात्यांतला स्वस्त पैसा) सांभाळला जातो. तेही सर्व्हर चालू असला तर.

आणि क्वालिटी मोजायचीच असेल तर फॉर्म कशाला भरून घेतोस, बँकेच्या चुकीची भरपाई किती ते आरबीआयच्या 2019 च्या सर्क्युलरमध्येच दिलंय. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले तर 5 दिवसांत परत द्यायचे, त्यापुढे दिवसाला 100 रुपये खातेदाराला, तेही त्याने न मागता. बँकेकडून असा आकडा मिळाला तर बघ, फेल ट्रान्झॅक्शन किती आणि त्यातली किती वेळेत सुटली, तक्रारी ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा आरबीआयचा अधिकारी) किती गेल्या.

ठाणेकर_एमएमएस

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. एकच शंका, क्वालिटी घसरली तर नफा लगेच पडतो का? तसं नसेल तर माझं रिग्रेशन (दोन आकड्यांमधला संबंध तपासायचं गणित) काहीच दाखवणार नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

लगेच नाही पडत. डिसेंबर 2020 चं एचडीएफसी बँकेचं उदाहरण घे, सगळं जाहीर आहे. वारंवार सिस्टीम बंद पडली म्हणून आरबीआयने नवीन डिजिटल गोष्टी आणि नवीन क्रेडिट कार्डं थांबवली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट 2021 मध्ये उठली, बाकीची मार्च 2022 मध्ये. त्या वर्षीही बँकेचा नफा वाढलाच. पण आठ-नऊ महिने नवीन कार्ड देता आलं नाही, तेवढं गिऱ्हाईक दुसऱ्या बँकांकडे गेलं. म्हणजे घसरलेल्या क्वालिटीने इनोव्हेशनचाच रस्ता अडवला, आणि नुकसान नफ्यात नाही, बाजारातल्या हिश्श्यात झालं. 2024 मध्ये कोटक बँकेवरही आयटीतल्या त्रुटींसाठी अशीच बंदी आली होती, दोन्ही केसेस शेजारी ठेव. आणि सरांना सांग की एकाच वर्षाचे आकडे घेणार नाही, क्वालिटीचे आकडे या वर्षीचे आणि कासा, मार्केट शेअर पुढच्या दोन वर्षांचे घेईन.

ऐरोली_बॅकऑफिस

आणि त्या मॅडमना जाऊन विचार, त्या नोव्हेंबरात कागदी फॉर्म किती भरावे लागले. ब्रांचमध्ये नोंद असणार, तो आकडा तुझ्या प्रोजेक्टमध्ये पाहिजेच.

ठाणेकर_एमएमएस

सोमवारी सकाळीच जातो ब्रांचला.