रॅडविम्प्सची गाणी: सुरुवात कुठून करू?

टॉवेलवाले_अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. लूमच्या खडखडाटात उभं आयुष्य गेलं, त्यामुळे कान तसे कामातून गेलेलेच. घरी अकरावीतली पोरगी. ती दिवसभर रॅडविम्प्स नावाच्या जपानी रॉक बँडची गाणी ऐकायलीय. परवा जेवताना बघतो तर डोळ्यांत पाणी. काय झालं गं म्हटलं, तर म्हणे, "पप्पा, तुम्हाला नाही कळणार." राग नाही आला, पण लागलं.

त्यांचं ते 'झेनझेनझेन्से' मी ऐकलं. धडाधड गिटार, ठेका झकास, होटगी रोडला गाडी काढावी आणि ऐकावं असं. पण त्यात रडण्यासारखं काय ते काही झेपलं नाही. जाणकारांनी सांगावं, काय ऐकू? आमची सवय म्हणजे भीमसेनजींचे अभंग आणि किशोरकुमार.

जुळे_सोलापूरकर

काका, ते गाणं रडायचं नाहीच. 'किमी नो ना वा' हा माकोतो शिंकाईचा २०१६ चा सिनेमा, त्याचं सगळं संगीत याच बँडचं. त्यातलं 'स्पार्कल' ऐका, सिनेमातलं मोठं रूप, जवळजवळ नऊ मिनिटांचं. पियानोवर हळू सुरू होतं आणि वाढत जातं. मग 'ग्रँड एस्केप', तोको मिउराच्या आवाजातलं. त्यात टाळ्या सुरू होतात तिथे आमच्या होस्टेलची सगळी पोरं उठून उभी राहायची. ते ज्या सिनेमातलं आहे तो, 'वेदरिंग विथ यू', २०१९ मध्ये भारतात लागावा म्हणून पोरांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम केली होती. लागला पण!

उमरग्याची_लेक

दादा, वरची यादी बरोबर आहे, पण मी म्हणेन दुसऱ्या टोकाने सुरू करा. 'हाकुजित्सु' लावा.

११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ९ तीव्रतेचा भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. वर्ष झालं त्या दिवशी या बँडने हे गाणं यूट्यूबवर टाकलं. पुढे त्याच तारखेला नवं गाणं द्यायचा पायंडाच पडला, आणि दहा वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये ती गाणी अल्बममध्ये एकत्र आली. बँड काही त्या किनाऱ्यावरचा नाही, टोकियोशेजारच्या कानागावाचा. दुसऱ्याच्या घरचं वर्षश्राद्ध इतकी वर्षं कोण घालतं हो?

मला हे का भिडलं ते सांगते. माझं माहेर उमरगा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन, माणसं दमून गाढ झोपलेली. मी शिकायला इथे आत्याकडे होते. सोलापुरातसुद्धा मांडणीवरची भांडी खणखणली आणि सगळा वाडा अंगणात आला. मामाचं गाव सास्तूरच्या बाजूला. भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद, वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर दरवर्षी पांढरी माती टाकायची, थरावर थर. तो सगळा बोजा माणसांच्या अंगावर आला. मामी तेवढी दाराच्या चौकटीत होती म्हणून वाचली. पुढे ती आमच्याकडे राहिली, तेव्हा तिच्या केसांतून ती माती कितीतरी दिवस निघायची. आई फणीने काढायची. दोघी बोलायच्या नाहीत.

नंतर मदत आली, पत्र्याच्या शेड आल्या, गाव नव्या जागी वसलं. पोवाडेही झाले असतील, माझ्या कानावर आले नाहीत. पण पुढच्या ३० सप्टेंबरला मामीला काय होत असेल, त्याच्या पुढच्याला काय, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. ही गाणी तेच विचारत बसतात.

ती पचली की मुलीला घेऊन शिंकाईचाच 'सुझुमे' हा सिनेमा बघा. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे लागला होता, मी पुण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा पाहिला. सिनेमाच्याच नावाच्या गाण्यात तोआका नावाच्या मुलीचा आवाज आहे; सुरुवातीला शब्द नाहीत, नुसती गुणगुण. सिनेमातल्या पोरीकडे आईने करून दिलेली एक छोटी खुर्ची आहे, एक पाय तुटलेली. आणि तिच्या लहानपणच्या वहीत ११ मार्चचं पान काळ्या खडूने गिरगटून टाकलेलं. ते पान आलं तशी मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

बँडचा गायक योजिरो नोडा, त्याचा आवाज सुरुवातीला किरटा वाटेल. अभंगवाणीचा कान असेल तर जास्तच. थोडी कळ काढा. आणि 'नांदेमोनाइया' सगळ्यात शेवटी. गाणं चांगलंच आहे, पण रीलवर वाजवून वाजवून त्याचा पार चोथा केलाय लोकांनी.

भैय्या_चौक

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक खडा टाकतो. २०१८ मध्ये याच बँडचं 'हिनोमारू' (म्हणजे जपानचा झेंडा) हे गाणं आलं, तेव्हा त्यात जुन्या लष्करी जपानचा वास येतो म्हणून बरीच ओरड झाली आणि नोडाला माफी मागावी लागली. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा तिथल्या जखमींची सेवा करत डॉ. कोटणीसांनी जीव दिला, १९४२ साली. त्यांच्या गावचे आपण. बाकीची गाणी ऐका, मीही ऐकतो, पण हेही माहीत असू द्या.

ढोलकी_पार्क_चौक

एक गोष्ट कुणी सांगितली नाही बे. यांचा ड्रमर सातोशी यामागुची २०१५ मध्ये थांबला. डिस्टोनिया, म्हणजे स्नायूंवरचा ताबा जाण्याचा आजार; त्याचा एक प्रकार वाजवणाऱ्यांना होतो. डोक्यात ताल पक्का असतो, स्नायू ऐकत नाहीत. 'किमी नो ना वा'ची गाणी बाहेर आली ती त्यानंतर. माझी करंगळी मध्यंतरी नीट पडत नव्हती तर लग्नाच्या दोन सुपाऱ्या सोडल्या मी, झोप उडाली होती. ती गाणी आता मी आधी ड्रमकडे कान लावून ऐकतो.

टॉवेलवाले_अक्कलकोट_रोड

ताई, 'हाकुजित्सु' ऐकलं, कारखाना बंद झाल्यावर. शब्द एक कळला नाही. १९९३ ला आमच्या लूमवर दोन कामगार लोहाऱ्याकडचे होते. सकाळी बातमी आली तसे गेले, पगारही न घेता. त्यातला एकजण परत आलाच नाही. इतकी वर्षं मी ती गोष्ट घरी बोललो नव्हतो, काल पोरीला सांगितली. हिनोमारूचं तिला माहीत होतं म्हणे. 'सुझुमे' रविवारी बघणार.

आता तिने नवंच काढलंय, बारावीनंतर जपानी शिकायचं. सोलापुरात की पुण्यालाच पाठवावं लागेल?

जुळे_सोलापूरकर

पुणेच काका. फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे जपानी शिकवतात. तोवर हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या घरीच गिरवायला लावा, त्याला क्लास लागत नाही.